पाटीवरचा म्हातारा

(द्वितीय वर्ष, कला)

आमचे अण्णा पेंटर आहेत. पेंटर म्हणजे चित्रकार नव्हेत, पाट्या रंगवणारे. तालुक्याच्या बाजारपेठेत एके काळी बहुतेक दुकानांवर त्यांच्याच हातची अक्षरे होती. पुढे फ्लेक्स आला. महिनाभराचे काम यंत्र तासाभरात करू लागले. आता शाळेच्या भिंती, ट्रकची फाळकी आणि एखाद्या हौशी माणसाच्या घराचे नाव, एवढेच काम उरले आहे.

दिवाळीच्या आधी रंगाचे डबे आणायला आम्ही दोघे जिल्ह्याच्या गावी गेलो होतो. स्टँडसमोरच्या नव्या इमारतीवर एक लालभडक पाटी होती. तिच्यावर एका म्हाताऱ्याचा चेहरा. डोळ्यांवर चष्मा, हनुवटीवर बोकडदाढी, गळ्याशी काळी फीत, चेहऱ्यावर हसू. शेजारी तीन इंग्रजी अक्षरे : के, एफ, सी. अण्णा भर रस्त्यात थांबले. मागून रिक्षावाला ओरडला तरी हलेनात. त्यांनी आपल्या हिशेबाने ती पाटी वाचली. रंग तीनच. लाल, पांढरा, काळा. रेषा मोजक्या. पण रस्त्याच्या पलीकडून, धुळीतून, गर्दीतून चेहरा ओळखू येतो. ज्याने काढले त्याला काम येते, असा त्यांनी निकाल दिला. मग मला विचारले की हा म्हातारा कोण? नट आहे, पुढारी आहे, की दुकानाचा मालक?

मला सांगता येईना. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे घरातले सगळे न सुटणारे प्रश्न माझ्याकडे येतात. रेशनकार्डापासून ते अमेरिकेच्या म्हाताऱ्यापर्यंत! उत्तर शोधायचे मी कबूल केले. शोधू लागल्यावर लक्षात आले की हा नुसता पाटीचा नमुना नाही. हा खराच माणूस होता, आणि त्याचे आयुष्य एखाद्या कादंबरीला लाजवील असे होते. तीच हकिगत इथे सांगते.

हार्लंड सँडर्स यांचा जन्म ९ सप्टेंबर १८९० रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात, हेन्रीव्हिल या खेड्याजवळ झाला. घर चार खोल्यांचे. वडील शेती करीत. पुढे पाय मोडल्यामुळे त्यांना शेती झेपेना, तेव्हा ते खाटिकाच्या दुकानात कामाला लागले. १८९५ साली ते तापाने वारले. हार्लंड तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा, आणि तीन भावंडांत थोरला. आई टोमॅटो डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला जाऊ लागली, आणि घरातली चूल या पोराच्या अंगावर पडली. सातव्या वर्षी तो पाव भाजत होता, भाज्या करीत होता, धाकट्यांना जेवू घालीत होता. दहाव्या वर्षी तो दुसऱ्याच्या शेतावर राबायला गेला. पुढे आईने दुसरे लग्न केले. सावत्र वडिलांशी त्याचे पटेना. सातवीत असताना बीजगणिताला कंटाळून त्याने शाळा सोडली ती कायमचीच.

यानंतर तेराव्या वर्षी त्याने जी नोकरी धरली ती वाचताना मी मनाशीच हसले. इंडियानापोलिस शहरात तो घोडागाड्या रंगवायचे काम करी. म्हणजे पाटीवरच्या या म्हाताऱ्याच्या हातातही एके काळी ब्रश होता! अण्णांना सांगायची पहिली गोष्ट मला मिळाली.

पुढची पंचवीस वर्षे म्हणजे धरसोडीचा पाढाच आहे. १९०६ साली वय खोटे सांगून सैन्यात भरती, क्यूबा बेटावर खेचरांच्या गाड्या हाकणे, काही महिन्यांतच घरी परत. ट्रामवर कंडक्टर. आगगाडीच्या इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन. त्या नोकरीत असतानाच टपालाने कायद्याचे शिक्षण घेतले. मारामारीपायी ती नोकरी गेली. मग आर्कान्सॉ राज्यातील लिटल रॉक येथे तीन वर्षे वकिली केली. ती भर कोर्टात आपल्याच अशिलाशी हातघाईवर येऊन संपवली. विमा एजंट झाले. ओहायो नदीवर प्रवासी बोटीची कंपनी काढली. ती चांगली चालली, तर त्यातले भांडवल काढून कार्बाइडच्या गॅसचे दिवे करण्याच्या धंद्यात घातले. नेमकी तेव्हाच वीज पसरू लागली आणि तो धंदा बुडाला. मग मोटारीचे टायर विकले. मग पेट्रोल पंप चालवला. १९३० च्या सुमारास मोठी मंदी आली आणि तो पंपही बंद पडला. वय चाळीस. बायको, तीन मुले, आणि हाती काही नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. थोरांची चरित्रे लिहिताना आपण त्यांचे दोष झाकतो. सँडर्स यांचे दोष झाकण्यासारखे नाहीत. माणूस कष्टाळू होता, पण महातापट होता. तोंड शिवराळ. आपले नुकसान होते आहे हे दिसत असूनही हात उगारणारा. त्यांच्या अपयशाला नशिबाइतकाच त्यांचा स्वभावही कारण होता.

१९३० साली शेल कंपनीने त्यांना केंटकी राज्यात कॉर्बिन या गावाजवळ एक पेट्रोल पंप चालवायला दिला. भाडे नाही, विक्रीतला हिस्सा द्यायचा. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा हमरस्ता समोरून जाई. प्रवासी पेट्रोल भरायला थांबत आणि जवळपास जेवण कुठे मिळेल म्हणून विचारीत. सँडर्स यांनी पंपामागच्या राहत्या खोलीतले घरचेच टेबल पुढे केले. सहा माणसे बसतील एवढे. घरात जे शिजे तेच पाहुण्याला वाढायचे. लहानपणी चुलीपुढे घालवलेली वर्षे आता कामी आली.

याच काळात एक भयंकर प्रकार घडला, आणि तोही एका पाटीवरून! आपल्या पंपाकडे गिऱ्हाईक यावे म्हणून सँडर्स यांनी रस्त्यालगत मोठी पाटी रंगवून घेतली होती. शेजारच्या दुसऱ्या पंपवाल्याने ती पाटी रंगाने पुसून टाकायला सुरुवात केली. सँडर्स यांनी त्याला एकदा बजावले. १९३१ साली तो पुन्हा पाटी पुसताना सापडला. शेल कंपनीच्या दोघा माणसांना घेऊन सँडर्स तिथे गेले. गोळीबार झाला. कंपनीचा एक माणूस जागीच ठार झाला, पंपवाला जखमी झाला आणि पुढे त्याला खुनाबद्दल शिक्षा झाली. पाटीवरच्या चार अक्षरांसाठी एक जीव गेला. हे अण्णांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पाटी म्हणजे दुकानदाराची अब्रू असते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. पण अब्रूची किंमत माणसाच्या जिवाएवढी असावी का?

धंदा वाढत गेला. टेबलाची खाणावळ झाली, खाणावळीला जोडून प्रवाशांसाठी खोल्या झाल्या. सँडर्स यांच्या हातच्या तळलेल्या कोंबडीचे नाव झाले. १९३५ साली केंटकीच्या गव्हर्नरांनी त्यांना कर्नल ही पदवी दिली. या पदवीचा सैन्याशी संबंध नाही. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत रावसाहेब, रावबहादूर अशा पदव्या मिळत, त्यातलाच हा प्रकार. १९३९ मध्ये खाणावळ जळून खाक झाली. ती त्यांनी पुन्हा उभी केली, या खेपेस १४० माणसांची.

अडचण एकच होती. लोखंडी तव्यात कोंबडी तळायला अर्धा तास लागे आणि वाटेचा प्रवासी तेवढा थांबत नसे. आधी करून ठेवावी तर उरलेली वाया जाई. भरपूर तेलात झटपट तळावी तर चव जाई. त्या सुमारास प्रेशर कुकर बाजारात आला होता. आपण त्यात डाळ-भात शिजवतो. सँडर्स यांनी त्यात बदल करून दाबाखाली कोंबडी तळण्याची युक्ती काढली. वेळ बराच वाचला आणि मांस आतून रसाळ राहिले. १९४० साली अकरा मसाल्यांचे त्यांचे मिश्रणही ठरले. कंपनी ते आजही गुपित म्हणून सांभाळते.

आता या गोष्टीतला रंगाचा भाग सुरू होतो.

१९५० च्या सुमारास सँडर्स साठीला आले होते. कर्नल ही पदवी त्यांना दुसऱ्यांदा देण्यात आली, आणि आतापर्यंत नुसती कागदावर असलेली ती पदवी त्यांनी अंगावर चढवली. दाढी-मिशा राखल्या. गळ्याला काळी फीत बांधू लागले. आधी काळा लांब कोट घालून पाहिला, मग तो टाकून पांढरा सूट धरला. केस पांढरे झाले होते, पण दाढी-मिशा तितक्या पांढऱ्या नव्हत्या, म्हणून त्या औषधाने उडवून पांढऱ्या केल्या! हिवाळ्यात जाड लोकरीचा पांढरा सूट, उन्हाळ्यात पातळ सुती पांढरा सूट. आयुष्याची शेवटची वीस वर्षे हा माणूस चारचौघांत दुसऱ्या वेषात दिसला नाही.

यामागे काय विचार असेल? पांढरा रंग म्हणजे स्वच्छता, ही खूणगाठ बहुतेकांच्या मनात असते. डॉक्टरचा कोट पांढरा, स्वयंपाक्याची टोपी पांढरी. स्वयंपाकघरात वावरणाऱ्याने पांढरे घालणे हे धाडसच. पिठाचा हात लागला तर दिसत नाही, पण तेलाचा, मसाल्याचा एक थेंब पडला तरी लपत नाही. म्हणजे तो कोट गिऱ्हाइकाला न बोलता सांगत असे की माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही. काळी फीत आणि काळ्या काडीचा चष्मा या दोन गोष्टी पांढऱ्यावर उठून दिसत. पाटी रंगवताना अण्णा पांढऱ्या अक्षराला काळी कड देतात ना, तसेच. सँडर्स यांनी ब्रश हातात न धरता स्वतःचीच पाटी रंगवली होती.

पण या पांढऱ्या कोटाला आणखी एक बाजू आहे. हा पोशाख अमेरिकेच्या दक्षिणेकडील जुन्या जमीनदारांची आठवण देणारा. त्या जमीनदारांचे वैभव गुलामांच्या घामावर उभे होते. दक्षिणेतली तळलेली कोंबडी चवीला आणली तीही बरीचशी त्यांच्या स्वयंपाकघरांत राबणाऱ्या काळ्या बायकांच्या हातांनी. सँडर्स काही जमीनदार घराण्यातले नव्हते. त्यांचे इंडियाना राज्य तर यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढले होते. कारखान्यात राबणाऱ्या विधवेच्या मुलाने जमीनदाराचा वेष घेतला आणि लोकांना तो खरा वाटला. त्या वेषामागे ज्यांचे कष्ट होते त्यांचा चेहरा मात्र कोणत्याच पाटीवर आला नाही. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण आपल्याकडे उगाच झालेली नाही.

१९५२ साली युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीजवळचे खाणावळवाले पीट हार्मन यांनी सँडर्स यांची कोंबडी आपल्याकडे ठेवायला सुरुवात केली. तिला नाव काय द्यावे, हा प्रश्न आला. हार्मन यांनी पाटी रंगवायला डॉन अँडरसन नावाचा पेंटर बोलावला होता. त्याने नाव सुचवले : केंटकी फ्राइड चिकन. म्हणजे जगभर गेलेले हे नाव एका पाट्या रंगवणाऱ्याने दिले! मोठमोठ्या तज्ज्ञांनी नव्हे. मला विचाराल तर ते नाव हाही एक प्रकारचा रंगच आहे. युटातल्या माणसाला केंटकी म्हटले की दूरचा दक्षिण प्रांत, पाहुणचार, घरगुती जेवण असे काहीतरी डोळ्यांपुढे येई. हार्मन यांची विक्री पहिल्याच वर्षात तिपटीवर गेली. १९५७ साली त्यांनीच पुठ्ठ्याची बादली आणली. चौदा तुकडे, पाच पाव आणि सोबत दाट रस्सा, किंमत साडेतीन डॉलर. आख्ख्या कुटुंबाचे जेवण एका बादलीत.

इकडे कॉर्बिनला मात्र दैव फिरले. नवा महामार्ग गावाला वळसा घालून जाणार असे ठरले. वाटसरूच नाही तर खाणावळ कुणासाठी? १९५६ साली सँडर्स यांनी सगळे लिलावात काढले. कर्ज फिटले, आणि हाती उरले सरकारी पेन्शनचे महिना १०५ डॉलर. वय पासष्टच्या पुढे. या वयात आपल्याकडे माणूस देवळाच्या पारावर बसतो. सँडर्स यांनी कुकर आणि मसाल्याच्या पिशव्या मोटारीत घातल्या, पांढरा सूट चढवला, आणि गावोगाव निघाले. खाणावळवाल्याला म्हणायचे, एकदा माझ्या पद्धतीने कोंबडी करून दाखवतो. आवडली तर करार. दर कोंबडीमागे चार सेंट मला द्यायचे. काही रात्री मोटारीतच झोपून काढल्या. दुसरी पत्नी क्लॉडिया घरी मसाले कुटून, पुड्या बांधून आगगाडीने रवाना करीत. १९६३-६४ पर्यंत सहाशेहून अधिक ठिकाणी ही कोंबडी मिळू लागली.

त्या वेळेस रंगांचे मानसशास्त्र हा अमेरिकेत मोठ्या धंद्याचा विषय झाला होता. लुई चेस्किन नावाच्या तज्ज्ञाने दाखवून दिले होते की माणूस नुसत्या जिभेने खात नाही, डोळ्यांनीही खातो. मार्गारीन हा लोण्याचा स्वस्त पर्याय पांढराफटक असे, म्हणून गृहिणी नाक मुरडीत. तोच पिवळा केला की लोण्यासारखा लागे. वेष्टनाचा गुण माणूस नकळत आतल्या मालाला चिकटवतो, असे चेस्किन यांचे सांगणे होते. मॅकडोनाल्ड या कंपनीलाही त्यांनी सल्ला दिला होता.

केंटकी फ्राइड चिकनने लाल आणि पांढरा हे दोन रंग घेतले. दुकानांवर लाल-पांढरे पट्टे, छतावर वा खांबावर मोठी बादली, आणि बादलीवर कर्नलांचा चेहरा. लालच का? लोक म्हणतात, लाल रंगाने भूक लागते. मला ते तितके सरळ वाटत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लाल ताटलीतून खाणाऱ्यांनी उलट कमी खाल्ले होते. शेवटी लाल रंग धोक्याचाही आहे आणि कुंकवाचाही. रंगाचा अर्थ तो कुठे लावला आहे त्यावर ठरतो. लाल एवढे मात्र नक्की करतो की नजर ओढतो. हिरव्या झाडीत, करड्या डांबरावर, निळ्या आभाळाखाली लाल वेगळा पडतो. मोटारीतल्या माणसाला पाटी वाचायला दोन-तीन क्षण मिळतात. तेवढ्यात लालाने थांबवायचे आणि पांढऱ्याने विश्वास द्यायचा, अशी ही वाटणी. पट्ट्यांमुळे जत्रेतल्या तंबूचा आनंद येतो तो वेगळाच. आणि मधोमध ओळखीचा हसरा म्हातारा. अनोळखी गावात माणूस भाकरी मागायला जाईल तर हसऱ्या म्हाताऱ्याच्या दारीच जाईल.

एक गंमत सांगते. ते चित्र दुरून पाहिले तर गळ्यातली काळी फीत हातपाय पसरलेल्या छोट्या माणसासारखी दिसते, आणि वरचे मोठे डोके त्याचे वाटते. जगभरात पुष्कळ मुलांना ते तसेच दिसते. माझ्या धाकट्या भावालाही तसेच दिसले. चित्र काढणाऱ्याच्या मनात एक असते, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत दुसरे. पाटीचे हे असे असते.

१९६४ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, सँडर्स यांनी कंपनी वीस लाख डॉलरना विकली. कॅनडातला धंदा तेवढा आपल्याकडे ठेवला. नव्या मालकांनी त्यांना पगार ठरवून दिला आणि काम दिले ते असे की पांढरा सूट घालून गावोगाव हिंडायचे, दूरदर्शनवर दिसायचे, हसायचे. म्हणजे पाककृती तर विकलीच, पण चेहराही विकला गेला. सात वर्षांनी, १९७१ साली, ती कंपनी ह्युब्लाइन नावाच्या दारूच्या कंपनीने साडेअठ्ठावीस कोटी डॉलरना घेतली.

माझ्या मते सँडर्स यांच्या आयुष्यातला खरा पेच इथून सुरू होतो. पाटीवर चेहरा त्यांचा, पण पाटीखाली शिजणारे अन्न त्यांचे राहिले नाही. खर्च वाचावा म्हणून नव्या मालकांनी कृती सोप्या केल्या. विशेषतः तो दाट रस्सा बदलला. आता पाटीवरचा म्हातारा हसत होता आणि खरा म्हातारा संतापत होता. न सांगता एखाद्या दुकानात शिरायचे, थेट स्वयंपाकघर गाठायचे, चमचा रश्शात बुडवून चव पाहायची, आणि बिघडलेला दिसला की सर्वांदेखत तो फेकून द्यायचा, असा त्यांचा क्रम होता. वर्तमानपत्रांतही त्यांनी त्या रश्शाची यथेच्छ निंदा केली. एका दुकानदाराने अब्रूनुकसानीचा दावा लावला. तो केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ साली निकाल सँडर्स यांच्या बाजूने लागला. त्याआधी १९७३ मध्ये त्यांनीच ह्युब्लाइनवर फिर्याद केली होती. ज्या पदार्थांशी माझा संबंध नाही त्यांवर माझा चेहरा का लावता, असा त्यांचा प्रश्न होता. ते प्रकरण पुढे तडजोडीने मिटले.

विचार करून पाहा. पैसे घेतले होते, करार झाला होता. गप्प राहिले असते तर पगार घरी चालत येत होता. कायद्याच्या दृष्टीने विकलेल्या मालावर विकणाऱ्याचा हक्क राहत नाही. पण चेहरा हा इतर मालासारखा माल आहे का? कोंबडी वाईट निघाली तर गिऱ्हाईक ह्युब्लाइनला शिव्या देणार नव्हते, पाटीवरच्या म्हाताऱ्याला देणार होते. ज्या पांढऱ्या कोटाने लपवण्यासारखे काही नाही असे सांगितले होते, तो कोट आता खोटे बोलू लागला होता. आणि तो कोट घालून हसत उभे राहायचे यांनी! तापटपणामुळे या माणसाने आयुष्यात पुष्कळ गमावले, पण हा एक ताप मला खरा वाटतो. अर्थात ज्या विकण्यामुळे हे घडले तेही त्यांनीच केलेले होते, हेही विसरता येत नाही.

१६ डिसेंबर १९८० रोजी, नव्वदाव्या वर्षी, लुइव्हिल शहरात न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. केंटकीच्या राजधानीत राज्य विधानभवनात त्यांचे पार्थिव दर्शनासाठी ठेवण्यात आले. पांढरा सूट आणि काळी फीत या वेषातच त्यांना लुइव्हिलच्या केव्ह हिल दफनभूमीत पुरण्यात आले. तेव्हा त्यांच्या नावाची सुमारे सहा हजार दुकाने ४८ देशांत होती.

माणूस गेला, पाटी राहिली. जपानात दुकानांबाहेर त्यांचे पूर्णाकृती पुतळे उभे आहेत. १९८५ साली ओसाका शहरात बेसबॉलचा सामना जिंकल्याच्या उन्मादात लोकांनी असा एक पुतळा नदीत फेकला. पुढे तो संघ वर्षानुवर्षे हरत राहिला, तेव्हा कर्नलांचा शाप लागला अशी समजूत झाली. पुतळा २००९ साली नदीत सापडला आणि संघाला पुन्हा विजेतेपद मिळाले ते २०२३ साली. १९९१ मध्ये कंपनीने नाव आखडून तीन अक्षरांवर आणले. आपल्या देशात ही पाटी प्रथम लागली १९९५ साली बंगळूरला. तिथे शेतकऱ्यांच्या संघटनेने तिला जोरदार विरोध केला आणि पुढच्या वर्षी त्या दुकानाची मोडतोडही झाली. २००६ मध्ये कंपनीने चित्रातल्या कर्नलांचा पांढरा कोट उतरवून त्यांना लाल एप्रन घातला, आणि नेव्हाडाच्या वाळवंटात पासष्ट हजार फरशा मांडून त्यांचा एवढा प्रचंड चेहरा तयार केला की तो अवकाशातून दिसावा. ज्या माणसाने वीस वर्षे पांढऱ्याशिवाय दुसरा रंग अंगाला लावून घेतला नाही, त्याचा रंग मेल्यावर दुसऱ्यांनी बदलला.

ही सारी हकिगत मी एका रात्री अण्णांना सांगितली. घोडागाड्या रंगवणारा मुलगा त्यांना आवडला. नाव देणारा पेंटर तर फारच आवडला. रश्शाच्या भांडणाशी आले तेव्हा ते उठून बसले, आणि मला आमच्या घरातलीच एक गोष्ट आठवली. मी सहावी-सातवीत असेन. एका मिठाईवाल्याने अण्णांना मोठी पाटी रंगवायला सांगितली होती. दोन महिन्यांचे घर चालेल एवढे काम. पाटीवर शुद्ध तुपातील असे शब्द हवे होते. मागच्या अंगणात वनस्पती तुपाचे डबे रचलेले अण्णांनी पाहिले. त्यांनी बाकी सगळी पाटी रंगवायची तयारी दाखवली, ते दोन शब्द सोडून. काम दुसऱ्याकडे गेले. त्या दिवाळीला आम्हाला नवे कपडे झाले नाहीत. आईने आठ दिवस अबोला धरला, आणि खरे सांगायचे तर मीही मनातून अण्णांवर रागावले होते. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, हे जगात चालतेच, मग आमच्याच बापाला एवढा ताठा कशाला, असे वाटले होते.

आता तसे वाटत नाही. लाल रंग माणसाला थांबवतो, पांढरा त्याला विश्वास देतो, हे रंगांचे शास्त्र खरे असेल. पण थांबलेल्या माणसाच्या ताटात काय पडते, ते रंगाच्या हातात नसते. केंटकीच्या त्या तापट म्हाताऱ्याला हे उशिरा का होईना कळले होते, आणि नव्वदीला टेकल्यावरही तो त्यासाठी भांडत होता. आमच्या अण्णांना ते कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

परवा पुन्हा जिल्ह्याच्या गावी गेलो तेव्हा ती लाल पाटी दिसली. उन्हाने लाल रंग एका कोपऱ्यात फिका पडला आहे. लाल रंग उन्हात आधी उडतो, असे अण्णा नेहमी सांगतात. या खेपेस त्यांनी म्हातारा कोण म्हणून विचारले नाही. ओळखीच्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले, आणि आम्ही रंगाच्या दुकानाकडे वळलो.